साखर लपवू नका

कवितेवर बोलायला मला पुष्कळदा बोलावतात, मधुमेहावर बोलायला मात्र पहिल्यांदाच बोलावलं आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून कविता लिहिणारी बाई आहे. पण या आजाराशी माझी ओळख तीस वर्षांची आहे. आधी तो माझ्या अम्माला होता, आता मला आहे. या तीस वर्षांत आमच्या घराने ज्या चुका केल्या, त्या तुमच्या घराने करू नयेत, एवढ्याचसाठी मी बोलणार आहे.

१९९६ सालची गोष्ट. माझ्या सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन मी माहेरी गेले होते. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, भोवती सगळा ऊस. रात्री लेकीसाठी उठले की अम्मा जागी दिसायची. कधी माठाजवळ, कधी मोरीकडून परत येताना. अंगाने निम्मी झाली होती. चालताना जरा लंगडायची. विचारलं तर म्हणायची, "कुछ नै, नवी चप्पल लगी." पायाच्या बोटाला जखम होती. तिच्यावर हळद लावून चिंधी बांधलेली. "दुखतं का?" म्हटलं तर म्हणायची, "अजिबात नाही." आम्हाला वाटलं, दुखत नाही म्हणजे किरकोळच असेल.

एक दिवस लेकीसाठी जुनं मऊ लुगडं शोधायला मी अम्माची पेटी उघडली. तळाशी कागदाची घडी होती. रक्त तपासल्याचा कागद, आठ महिन्यांपूर्वीचा. गावात शिबिर झालं होतं, तिथे शेजारणीबरोबर तिने बोटातून रक्त दिलं होतं. कागदावर साखरेचा आकडा होता ३१२. तिने तो कोणालाच दाखवला नव्हता. अब्बांना नाही, भावाला नाही. कारण विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, धाकटीची सोयरीक चालली आहे. आईला साखर आहे म्हटलं की लोक बिचकतात, मुलीलाही होईल म्हणतात.

धाकटीचं लग्न ठरलं. त्याच महिन्यात अम्माच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून हा आजार समजावून सांगितला. आमचा मुलूख उसाचा, म्हणून त्यांनी उदाहरणही कारखान्याचं दिलं. ते मला इतकं पटलं की आजही मी तेच सांगते.

गळीत हंगामात कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते ना, ते डोळ्यांसमोर आणा. आपण भात खातो, भाकरी खातो, फळ खातो. त्यातल्या पिठूळ आणि गोड भागाची पोटात साखर होते. तिला ग्लुकोज म्हणतात. ती रक्तात उतरते. रक्त म्हणजे रस्ता आणि शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एकेक कारखाना. गाड्या आत जायला फाटक उघडावं लागतं. ते उघडणारा जो गडी आहे, त्याचं नाव इन्सुलिन. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, ती या गड्याला पाठवते.

आता घोटाळा दोन प्रकारे होतो. एक म्हणजे गडीच नाही. शरीराची संरक्षण व्यवस्था चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो बरेचदा लहान वयात किंवा तरुणपणी दिसतो. त्यात इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. दुसऱ्या प्रकारात गडी असतो, पण फाटक गंजलेलं असतं. एका गड्याचं काम चार गड्यांना करावं लागतं. स्वादुपिंड जास्त गडी पाठवत राहतं आणि काही वर्षांनी तेही थकतं. आपल्याकडच्या बहुतेक रोग्यांचा मधुमेह हा दुसऱ्या प्रकारचा असतो. काही स्त्रियांना गरोदरपणात साखर वाढते आणि बाळंतपणानंतर ती खालीही येते. पण पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांना जास्त असतो, म्हणून त्यांनी दरवर्षी तपासणी चुकवू नये.

फाटक बंद राहिलं की काय होतं? रस्त्यावर गाड्यांची गर्दी आणि कारखान्यात मात्र ऊस नाही. म्हणून रक्तात साखर भरपूर असूनही माणूस गळून जातो, वजन उतरतं. जादा साखर लघवीवाटे बाहेर पडू लागते. तिच्याबरोबर पाणी जातं, म्हणून सारखी लघवी आणि सारखी तहान. रात्री माठाजवळ उभ्या असलेल्या अम्माचं कोडं असं उलगडलं.

ही लघवीतली साखर आपल्या वैद्यांनी फार पूर्वी ओळखली होती. मधासारखी लघवी म्हणून मधुमेह. तिच्याकडे मुंग्या जातात, ही नोंद प्राचीन आयुर्वेदात आहे. शब्द इतका गोड आहे की आजाराची भीतीच वाटत नाही. आमच्याकडे तर नुसतं 'साखर आहे' म्हणतात, जणू दुकानात माल आहे. आणि या आजाराचं मोठं लबाडपण असं की तो बरीच वर्षं काहीच त्रास देत नाही. तहान, थकवा ही लक्षणं दिसेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं. तोवर तो फक्त तपासणीत सापडतो.

'आमच्या घराण्यात सगळे सडपातळ, आम्हाला कुठली साखर?' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी होती. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच होतं. तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी होती सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के! म्हणजे आपण दिसतो बारीक आणि आतून असतो लठ्ठ. ही चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते आणि तीच फाटकं गंजवते. काट्यावरचं वजन बघून निर्धास्त राहू नका, कंबरेचा घेरही बघा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा कुणा एका घराण्याचा डाग नाही. सोयरीक मोडायची म्हटली तर निम्मी लग्नं व्हायची नाहीत.

आता आकडे बघू. ते पाठ केले तर बरंच सोपं होतं. उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास काही न खाता, रक्तातली साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. ग्लुकोज प्यायला देऊन दोन तासांनी तपासतात, तेव्हा १४० च्या आत ठीक, २०० च्या पुढे मधुमेह. काही त्रास नसेल तर एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा खात्री करतात. हे सगळे आकडे मिलिग्रॅमचे, एक डेसिलिटर रक्तामागे.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला फसवता येत नाही. तिचं नाव एचबीए१सी. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. पाकातली जिलेबी काढताना हाताला साखर चिकटते, तशी रक्तातली साखर त्याला चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांची साधारण सरासरी कळते. आपल्यातले पुष्कळजण तपासणीच्या आधी दोन दिवस शहाण्यासारखं वागतात, गोड सोडतात, आणि चांगला कागद घेऊन डॉक्टरांकडे जातात. ही तपासणी मागचे तीन महिने सांगून टाकते. ५.७ च्या खाली चांगलं, ६.५ आणि पुढे मधुमेह. मधुमेह असलेल्यांपैकी बहुतेकांनी ती ७ च्या आत ठेवावी असं सांगतात. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर हा आकडा थोडा सैल करतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासून घ्यावं, असा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आग्रह आहे आणि सरकारी दवाखान्यात ही साखरेची तपासणी मोफत होते.

२०१४ साली माझा कागद आला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. उपाशीपोटी १६८. मी घरी येऊन साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि स्वतःला सांगितलं, झालं काम. चहा बिनसाखरेचा केला. पण त्याबरोबर चार खारी बिस्किटं चालूच होती. दुपारी दोन वेळा वाढून घेतलेला भात चालू होता. तीन महिन्यांनी आकडा तसाच. डॉक्टर हसून म्हणाले, "ताई, तुम्ही साखर डब्यात शोधताय. ती ताटात आहे."

हे नीट समजून घ्यायला हवं. भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, साबुदाणा, ब्रेड या सगळ्यांची पोटात साखरच होते. फरक आहे तो किती होते आणि किती झपाट्याने होते यात. मैदा आणि पांढरा भात लवकर उतरतो. ज्वारीच्या भाकरीत कोंडा असतो, डाळीत-उसळीत प्रथिनं आणि चोथा असतो, म्हणून त्यांची साखर सावकाश चढते. पण 'भाकरी चालते' म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर आकडा चढणारच. मी एक साधा हिशेब ठेवला आहे. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, अंडं किंवा मासा-मटण, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी नाहीतर भात. आधी कोशिंबीर-भाजी, मग बाकीचं. बिर्याणी आमच्या घरातून गेली नाही. तिचं ताट मात्र लहान झालं.

गुळाबद्दल विचारतात. गूळ आणि मध यांत थोडे इतर गुण असतील, पण रक्तात गेल्यावर ती साखरच. कारल्याचा रस प्याला म्हणून जिलेबी माफ होत नाही. फळं सगळी बंद करायची गरज नाही. एखादा पेरू, एखादं संत्रं, अर्धं सफरचंद चावून खावं, रस काढून पिऊ नये. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी खायच्या असतील तर त्या दिवशी तेवढा भात कमी.

दुसरं औषध पायांत आहे. आपण चालतो तेव्हा स्नायूंना साखर लागते आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता ती ओढून घेतो. म्हणजे गंजलेल्या फाटकाशेजारी एक दिंडी दरवाजा उघडतो म्हणा ना. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतरचा आकडा कमी चढतो. माझ्या मैत्रिणी म्हणतात, दिवसभर घरात राबतो की. राबतो खरंच, पण ते थांबत थांबत होतं. दम किंचित वाढेल असं आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावं.

गोळ्यांविषयी एकच सांगते. आकडा ठीक आला म्हणून गोळी बंद करू नका. बहुतेकदा गोळी चालू आहे म्हणूनच तो ठीक आलेला असतो. आणि इन्सुलिन लिहून दिलं की लोक घाबरतात, 'आता शेवट आला' म्हणतात. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या, मरणाच्या दारातल्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि तो पुढे तेरा वर्षं जगला. त्याआधी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेलं मूल वाचत नसे. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन. जे औषध माणसाला परत आणायला शोधलं गेलं, त्याला शेवटाची खूण का मानायचं?

आता माझी स्वतःची चूक. २०१६ चा रमजान जूनमध्ये आला होता. दिवस लांब. मी डॉक्टरांना न विचारता सकाळची गोळी सहरीच्या वेळी घेऊ लागले आणि रोजे ठेवले. एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला इफ्तारसाठी भजी तळत होते. अंगाला दरदरून घाम सुटला. हात कापायला लागले. मी लेकीला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली म्हणे. ही तीच लेक, १९९६ मधली. वीस वर्षांची झाली होती. तिने गॅस बंद केला, मला खाली बसवलं, बोटाला सुई टोचली. आकडा ४८. ती साखरेचं पाणी घेऊन आली. मी म्हणाले, दोनच तास राहिलेत, रोजा तुटेल. तिने पेला माझ्या ओठांना लावला. म्हणाली, "अम्मी, आधी पी. मग बोल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "रोजे ठेवणार हे मला आधी का सांगितलं नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला पेटीच्या तळाचा कागद आठवला. अम्माने आकडा लपवला, मी रोजे लपवले.

रक्तातली साखर ७० च्या खाली जाणं हे वाढण्यापेक्षा तातडीचं संकट असतं, कारण मेंदूला ती दर क्षणाला लागते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, अजून ७० च्या आत असेल तर पुन्हा द्यावं. मग नीट जेवावं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाईल. थेट दवाखाना गाठावा. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. घरातल्या बायकांनी तर हे विशेष ऐकावं. सकाळी गोळी घ्यायची, सगळ्यांना वाढायचं आणि आपण दोन वाजता उरलंसुरलं खायचं, ही आपली रीत. गोळी तुमच्या जेवायची वाट बघत नाही. गोळी घेतली की वेळेवर जेवा. घरच्यांनीही 'तू आधी जेव' म्हणायला शिकावं.

रोजा ठेवायचा असेल तर महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. ते गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलून देतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले, मूत्रपिंड बिघडलेले, वरचेवर साखर घसरणारे, यांनी ठेवू नये असाच सल्ला सहसा मिळतो. कुराणाने आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. पुढे कधी जमलं तर तेव्हा ठेवावा, कधीच जमणार नसेल तर गरिबाला जेवू घालावं. बोटातून रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला तर रोजा लगेच सोडावा, असं डॉक्टर सांगतात. एकादशी आणि नवरात्र करणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे तर दोन्ही बाजूंनी अडचण. निर्जळी केली तर साखर घसरते आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर एकदम चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट.

शेवटी पायांबद्दल. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पाय यांना पहिला फटका बसतो. नस मेली की जखम दुखत नाही. अम्माची जखम दुखत नव्हती ती याच कारणाने. म्हणून रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवंडांना बघायला सांगा. अनवाणी चालू नका. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा, लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघा. रक्तदाबही तपासा. तंबाखू, बिडी, मिश्री सोडा, कारण तीही त्याच रक्तवाहिन्यांवर घाव घालते.

दोन बोटं गेल्यावर अम्मा आणखी पंधरा वर्षं जगली. चांगली जगली. पुढे तिच्या साखरेचे आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आम्ही पेन्सिलीने लिहायचो, दुधाच्या हिशेबाशेजारी. येणारे-जाणारे वाचायचे. कोणी काही म्हणालं नाही. उलट दोन शेजारणी तो आकडा बघूनच तपासून आल्या आणि एकीला वेळेत औषध सुरू झालं.

आता माझ्या घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवरून खाली, ओट्यावर आला आहे. कधी साखर घसरली तर कोणाच्याही हाताशी असावा म्हणून. कॅलेंडरवर आता माझे आकडे असतात. परवाचा होता ११८. आज घरी गेल्यावर तुमच्या आईला, सासूला, बायकोला एवढंच विचारा, की तुझी साखर शेवटची कधी मोजली?